फुकटच्या खेळाचा जमाखर्च

दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे बोटभर लांबीची एक काळी कांडी खोचलेली असते, किंवा संचाखाली पानाच्या डब्याएवढी एक चपटी पेटी ठेवलेली असते. इंटरनेटवरून येणारे चित्रपट आणि मालिका पडद्यावर आणून देणे हे तिचे नेमून दिलेले काम. परंतु हीच पेटी आता घरातल्या माणसांना खेळही खेळवू लागली आहे. पत्त्यांतला पेशन्स, लुडो, बुद्धिबळ, रंगीत गोळ्या जुळवण्याची कोडी, वाहनांच्या गर्दीतून कोंबडी रस्त्यापलीकडे नेण्याचा खेळ, असे नाना प्रकार तिच्यात मिळतात. त्यांतले पुष्कळसे फुकट असतात, निदान तसे सांगितले जाते. बाजारात एखादी वस्तू फुकट मिळू लागली की तिचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हे शोधणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले काम असते. या खेळांच्या बाबतीत तो शोध दिवाणखान्यापर्यंत अद्याप फारसा पोचलेला दिसत नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून आधी या खेळांची बाजू मांडली पाहिजे. दहा मिनिटे पेशन्स खेळणारा माणूस वेळ दवडतो आणि तीच दहा मिनिटे मालिकेतल्या सासूसुनांचे भांडण पाहणारा मात्र विश्रांती घेतो, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला जातो हे समजणे कठीण आहे. टिबोर सिटोव्हस्की या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ हा ग्रंथ लिहिला. सुखसोय वेगळी आणि आनंद वेगळा, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. सुखसोय अस्वस्थता घालवते. आनंदाला मात्र थोडे आव्हान, थोडे नावीन्य आणि थोडे कौशल्य लागते. संपन्न समाज पहिलीच्या मागे धावताना दुसऱ्याला मुकतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. या कसोटीवर पडद्यावरचे साधे कोडेसुद्धा निमूटपणे पाहत बसण्यापेक्षा काकणभर सरसच ठरते.

या खेळांचा साधेपणा कोणी व्रत म्हणून पत्करलेला नाही. तो साधनांच्या मर्यादेतून आलेला आहे. रिमोटवर चार दिशांचे चार बाण आणि मध्ये एक बटण, एवढीच काय ती खेळाडूची सामग्री. त्यातही बटण दाबणे आणि पडद्यावर त्याचा परिणाम दिसणे यांत क्षणाच्या एका अंशाचा विलंब होतो, कारण आलेले चित्र सुबक करण्यात संच स्वतः काही वेळ घालवतो. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही. चेंडू फटकावण्याच्या खेळात मात्र फटका हुकतो. पेटीची यंत्रणाही बेताचीच असते. ॲमेझॉनच्या साध्या फायर टीव्ही स्टिकमध्ये वर्षानुवर्षे आठ गिगाबाइटांचाच साठा राहिला, आणि त्यातली बरीच जागा मूळ प्रणाली अडवून बसते. ॲपलने २०१५ च्या उत्तरार्धात आपल्या टीव्ही पेटीसाठी ॲपचे दुकान उघडले, तेव्हा प्रत्येक खेळ पेटीबरोबरच्या रिमोटवर खेळता आलाच पाहिजे अशी अट घातली होती. खेळ रचणाऱ्यांची त्याने कुचंबणा झाली आणि जून २०१६ मध्ये ही अट सैल करण्यात आली. तरीही बहुतेक घरांत वेगळा खेळनियंत्रक कोणी घेत नाही. साहजिकच या पेट्यांवर पाय रोवून उभे राहिले ते सावकाश, पाळीपाळीने खेळायचे खेळ.

या तुटपुंजेपणातून एक गुण निपजला, तो नमूद करायला हवा. दोन्ही हातांच्या दहा बोटांचे कसब मागणारे महागडे खेळ घरातल्या तरुणांपुरते राहतात. चार बाणांचा खेळ आजोबांना जमतो, नातवालाही जमतो. हातातल्या फोनवर खेळणारा माणूस घरात असून एकटा असतो. भिंतीवरच्या पडद्यावर लुडोची सोंगटी मारली गेली की खोलीतले सगळेच ओरडतात.

आणखी एका वर्गाला हे खेळ सोयीचे पडतात, त्याचा विचार क्वचितच होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्या कामात जातात. अशा पुरुषांची जातात ८८. ज्या बाईचा दिवस या कामाने ठिकठिकाणी तोडला जातो तिची फुरसत सलग येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येते. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला जेथल्या तेथे सोडून उठता येईल आणि परत आल्यावर तेथूनच पुढे खेळता येईल, अशी करमणूक अडीच तासांच्या चित्रपटात नसते. अशा खेळाला ‘टाइमपास’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वेळ कोणाकडे किती असतो हेही एकदा मोजून पाहावे.

आता हिशेबाकडे वळावे. रोकू या अमेरिकन कंपनीची पहिली पेटी २००८ साली आली तेव्हा तिची किंमत सुमारे १०० डॉलर होती. ॲमेझॉनने २०१४ च्या एप्रिलमध्ये साधारण त्याच किमतीला आपली पेटी काढली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ३९ डॉलरची कांडी. भारतात ही कांडी एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली. पुढे ब्रॉडबँड विकणाऱ्या कंपन्यांनी तर आपल्या काही योजनांत सेट-टॉप बॉक्स वेगळी किंमत न लावताच घरात आणून बसवला. इतकी घसरण केवळ यंत्र स्वस्तात बनू लागल्यामुळे होत नाही. ग्राहक आमची यंत्रे विकत घेतात तेव्हा नव्हे, तर ती वापरतात तेव्हा आम्हांला पैसे मिळवायचे आहेत, अशा अर्थाचे विधान ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१२ सालीच उघडपणे केले होते. प्रिंटर स्वस्त देऊन शाईत पैसे काढण्याची रीत कचेरीतल्या कोणाही कारकुनाला ठाऊक असते. येथे फरक एवढाच की, शाई कोणती हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

रोकूचे ताळेबंद पाहिले की ती दिसू लागते. २०२४ साली या कंपनीचे एकूण उत्पन्न सुमारे ४११ कोटी डॉलर होते. त्यांपैकी सुमारे ३५२ कोटी डॉलर जाहिराती, वर्गण्यांतील वाटा आणि तत्सम बाबींतून आले. यंत्रांच्या विक्रीतून आले ते ५९ कोटींच्या आसपास, आणि त्या विभागात ठोक नफा होण्याऐवजी तोटाच झाला. म्हणजे पेटी विकणाऱ्या कंपनीचा पेटी विकण्याचा धंदा आतबट्ट्याचा आहे आणि तरी कंपनी ती विकतच राहते. याच कंपनीने २०११ साली आपल्या वरच्या दर्जाच्या पेटीबरोबर हातवाऱ्यांनी चालणारा रिमोट आणि ‘अँग्री बर्ड्स’ हा तेव्हाचा लोकप्रिय खेळ विनामूल्य दिला होता. खेळ हे तेथे विक्रीचे मूळ सामान नव्हतेच. गिऱ्हाइकाने पेटीसमोर अधिक वेळ बसावे, चित्रपट संपल्यावर संच बंद न करता आणखी काही उघडावे, यासाठी ते तोंडीलावणे होते.

वृत्तपत्राच्या वाचकाला हे गणित नवे वाटू नये. दैनिकाचा अंक ज्या किमतीला हाती पडतो तीत बहुधा कागद आणि छपाई यांचाही खर्च निघत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ च्या एका निबंधात अशा दुतर्फा बाजारपेठांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तिरोल यांना पुढे २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका बाजूच्या गिऱ्हाइकाला स्वस्तात किंवा फुकट आत घ्यायचे आणि त्याच्या उपस्थितीचे मोल दुसऱ्या बाजूकडून वसूल करायचे, हा या बाजारपेठांचा स्वभाव. त्यात मुळात गैर काही नाही.

तथापि वृत्तपत्र आणि पेटी यांत एक मोठा भेद आहे. वाचकाने अग्रलेख वाचला की नुसते शब्दकोडे सोडवून अंक रद्दीत टाकला, हे छापील अंकाला कळत नाही. पेटीला ते कळू शकते. खेळ किती वाजता उघडला, कोणत्या पायरीवर खेळाडू हरला, हरल्यावर पुन्हा किती वेळा प्रयत्न केला, जाहिरात लागल्यावर उठून गेला की बसून राहिला, यांतली प्रत्येक गोष्ट टिपता येते आणि तिला बाजारात भाव असतो. हा धोका काल्पनिक नाही. व्हिझिओ या अमेरिकेतील टी.व्ही. विकणाऱ्या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांवर लोक काय पाहतात हे त्यांची संमती न घेता टिपले आणि ती माहिती विकली, असा आरोप तेथील संघराज्य व्यापार आयोगाने ठेवला होता. २०१७ साली २२ लाख डॉलर भरण्याचे मान्य करून कंपनीने ते प्रकरण मिटवले. दर संचामागे हिशेब केला तर ही रक्कम २० सेंट होते. चोरीची किंमत एवढी स्वस्त असेल तर ती कोणी का सोडावी?

मालकीचा प्रश्न याहून अवघड आहे. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत टी.व्ही.ला जोडायचे खेळयंत्र उन्हाळ्याच्या सुटीत भाड्याने आणले जाई, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे असे ते त्याची कॅसेट फुंकर मारून पुन्हा पुन्हा बसवीत. ती कॅसेट शेजारच्या मुलाला उसनी देता येई, दुसऱ्या कॅसेटशी बदलता येई, नको झाली की विकता येई. तिच्यात किती खेळ आहेत याविषयी वेष्टणावर धडधडीत खोटे छापलेले असे, हे खरे. पण जे काय तीन-चार खेळ तीत निघत, ते घेणाऱ्याचे असत. कचेऱ्यांत संगणक आले तेव्हा त्यांच्याबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीत तो घातला होता, आणि माउसने वस्तू धरून ओढण्याचा सराव अनेकांना त्याच खेळाने करून दिला. त्यात जाहिरात नव्हती. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे २०१५ पर्यंत, त्याच खेळात जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्गणी भरण्याची सोय झाली. पत्ते तेच बावन्न, नियम तेच. बदलला तो खेळाडू आणि खेळ यांच्यातला व्यवहार. विकत घेतलेली वस्तू जाऊन तिच्या जागी केव्हाही काढून घेता येईल अशी परवानगी आली.

परवानगी काढून घेतली जाते तेव्हा काय होते याची उदाहरणे याच क्षेत्रात आहेत. ऊया नावाची ९९ डॉलरची खेळपेटी बनवण्यासाठी २०१२ साली लोकवर्गणीतून सुमारे ८६ लाख डॉलर जमले होते. केवळ स्वस्त आणि साध्या खेळांवर जगू पाहणारी ही पेटी २०१३ मध्ये बाजारात आली, दोन वर्षांत तिचा कारभार दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला आणि २५ जून २०१९ रोजी तिची मध्यवर्ती सेवा बंद झाली. ज्या खेळांना सुरू होण्याआधी त्या सेवेची संमती लागे, ते पैसे देऊन घेतलेले असूनही निकामी झाले. गूगलची स्टेडिया ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये संपली. गूगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे आणि यंत्रांचे पैसे परत केले, हे तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. ॲमेझॉनने २०१३ साली खेळ आणि त्यांतल्या वस्तू विकत घेण्यासाठी स्वतःची ‘कॉइन्स’ काढली होती. खाजगी टांकसाळीचा हा प्रयोग ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी ॲमेझॉनने नव्या कांडीत वेगा नावाची स्वतःची प्रणाली घातली, आणि अँड्रॉइडसाठी रचलेले जुने खेळ तिच्यावर जसेच्या तसे चालत नाहीत. पेटी बदलली की खेळांचे कपाट रिकामे होण्याची शक्यता असते, हे गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

मुलांच्या संदर्भात हा व्यवहार आणखी नाजूक होतो. फोन बहुधा एका माणसाचा असतो, टी.व्ही.ची पेटी घराची असते आणि खाते मात्र वडिलांच्या नावावर. रिमोट कोणाच्या हातात आहे, चाळीस वर्षांच्या की नऊ वर्षांच्या, हे पडद्याला ठाऊक नसते. जास्तीचे हिरे, जास्तीचे प्राण किंवा पुढची पायरी विकणारा फुकट खेळ मुलाने उघडला आणि मधले बटण दाबले, तर व्यवहार पुरा होतो. अमेरिकेत ॲमेझॉनने २०११ च्या नोव्हेंबरपासून आपल्या ॲपमधील अशा खरेदीला आरंभी परवलीचा शब्दही मागितला नव्हता. मुलांनी केलेल्या खरेदीची बिले आईबापांच्या नावे लागली, व्यापार आयोगाने २०१४ साली दावा लावला, २०१६ साली न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला, आणि २०१७ साली परताव्यास पात्र ठरलेली रक्कम ७ कोटी डॉलरांहून अधिक निघाली. बहुतेक पेट्यांत खरेदीसाठी गुप्त आकडा ठेवण्याची सोय आता असते. घरात पेटी आली त्याच दिवशी तो आकडा ठेवावा, आणि तो मुलाच्या जन्मतारखेचा नसावा.

भारतीय कायदा या प्रश्नाच्या आसपास फिरतो, नेमका त्यावर बोट ठेवीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि पैज नसलेल्या, केवळ वर्गणी घेणाऱ्या करमणुकीच्या खेळांना वेगळे काढले. जुगाराने उद्ध्वस्त होणारी घरे पाहता ही बंदी अकारण नव्हती. परंतु पैज नाही म्हणजे शोषण नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांच्याकडे जाहिराती रोखण्यास मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. एकाच खात्यावर सारे कुटुंब खेळते तेथे मूल ओळखायचे कसे, ही खरी अडचण आहे, आणि मूल ओळखण्याच्या निमित्ताने सगळ्या घराचीच अधिक माहिती गोळा झाली तर औषध रोगाहून वाईट ठरेल. ग्राहकांना चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांद्वारे जाहीर केली आहे. तीत आडवळणाने वर्गणी गळ्यात बांधण्याचाही समावेश आहे. दिवाणखान्यातल्या पेटीला या सूचना नेटाने लावल्या गेल्या तरी पुष्कळ साधेल.

दोन गोष्टी मात्र नव्याने मागण्याजोग्या आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा जोडयंत्रांच्या उत्पादकाला सुरक्षेची दुरुस्ती किमान किती काळ पुरवली जाईल हे जाहीर करावे लागते. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून, जी वस्तू विक्रेता पुढे काढून घेऊ शकतो तिच्यासाठी ‘विकत घ्या’ हे शब्द, केवळ परवाना मिळतो असे स्पष्ट न सांगता, वापरता येत नाहीत. भारतातल्या खोक्यांवर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आहेच. तिच्याच शेजारी पेटी आणि तिच्यातले खेळ किती वर्षे चालतील हे छापायला चार इंच जागा पुरेल.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. बंधने वाढवली तर पेट्या महाग होतील आणि सामान्य गिऱ्हाईक त्यांना मुकेल. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु किती महाग होतील, हे त्यांनी सांगितले पाहिजे. ते सांगता येते याचा पुरावा ॲमेझॉनने स्वतःच दिलेला आहे. २०११ साली किंडल हे पुस्तके वाचण्याचे यंत्र अमेरिकेत दोन किमतींना मिळू लागले होते, जाहिरातींसह ११४ डॉलरला आणि जाहिरातींवाचून १३९ डॉलरला. वाचकाच्या लक्षाचे मोल २५ डॉलर, असे त्या यंत्रापुरते ठरले होते आणि ते कोणालाही वाचता येत होते. टी.व्ही.च्या पेटीवर अशा दोन किमती शेजारी शेजारी छापल्या गेल्या, तर कोणती द्यायची हे घरातली माणसे लुडोचा डाव मांडण्याआधी आपले आपण ठरवू शकतील.